प्रसरणकार्य, हृदयाचे
आकुंचनानंतर डावे निलय सैल पडून कमी दाबाखाली रक्ताने भरण्याची क्षमता. ती इको तपासणीत श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने अजमावतात. द्विदल झडपेतून शिरणाऱ्या रक्ताचा वेग डॉप्लर पद्धतीने मोजला की पडद्यावर दोन शिखरे उमटतात : सुरुवातीच्या भरणाचे ‘ई’ व अलिंदाच्या आकुंचनाचे ‘ए’. तरुण, निरोगी हृदयात ‘ई’ उंच असते. शिथिलन मंदावले की ‘ए’ वरचढ ठरते. आजार बळावून अलिंदातील दाब वाढला की ‘ई’ पुन्हा उंचावते आणि आलेख निरोग्यासारखा, फसवा दिसतो. म्हणून झडपेच्या कड्याजवळील स्नायूचा वेगही मोजतात. ‘ई’ला त्या वेगाच्या सरासरीने भागून १४ पेक्षा मोठे गुणोत्तर आल्यास भरणदाब वाढल्याचा संशय बळावतो. आकुंचन उत्तम असूनही धाप लागणाऱ्या रुग्णांत ही तपासणी फार मोलाची ठरते.