जस्ताच्या ठोकळ्याची कुळकथा

दुरुस्तीसाठी गोदीत घेतलेल्या पोलादी जहाजाच्या बुडाला, पंख्याच्या आणि सुकाणूच्या आसपास, करड्या रंगाचे ठोकळे बसवलेले दिसतात. खड्डे पडलेले, अर्धेअधिक झिजलेले. हे जस्ताचे ठोकळे झिजण्यासाठीच असतात.

त्यांची कथा सुरू होते लाकडी जहाजांच्या काळात. 1761 मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून. दोन वर्षांनी पाहणी झाली. पत्रे शाबूत होते, पण लोखंडी खिळे पार सडले होते. काही खिळे मात्र धडधाकट निघाले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या खिळ्यांपाशी तसाच राहिला होता. तिथे लोखंड तांब्याला टेकलंच नव्हतं! या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा कागद. नुसतं खारं पाणी नव्हे, तांब्याची संगतही लोखंडाला नडली, हे त्याने दाखवून दिलं.

दहावीच्या पुस्तकातली धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी आठवा. लोखंड तांब्याच्या वर आहे, म्हणजे ते इलेक्ट्रॉन अधिक सहज सोडतं. दोघं एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात राहिले की लोखंड झिजतं आणि तांबं वाचतं.

1807 मध्ये पोटॅशियम आणि सोडियम वेगळे करणाऱ्या हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये याच दोषातून उपाय शोधला. आता प्रश्न तांब्याचे पत्रे झिजण्याचा होता. त्याने पत्र्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले. पत्र्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतका तुकडाही पुरेसा ठरला. तांबं झिजायचं थांबलं, पण जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि बार्नेकल चिकटून त्यांचा वेग मंदावला. पाण्यात विरघळणारं तांबंच या जीवांना विषारी असतं; झीज थांबली तसं ते विषही थांबलं. नौदलाने तुकडे काढून टाकले. डेव्हीचं रसायनशास्त्र मात्र बिनचूक होतं.

पुढे लोखंडी आणि पोलादी जहाजं आली, तेव्हा हीच युक्ती कामी आली. जमिनीखालच्या पाइपलाइनला मॅग्नेशियम जोडतात तेही यासाठीच. घरच्या स्टोरेज गीझरच्या टाकीतही बहुधा मॅग्नेशियमची कांडी असते. सर्व्हिसिंगला माणूस आला की ती बाहेर काढून दाखवायला सांगा. झिजून आतली तार उघडी पडली असेल तर लगेच बदलून घ्या, नाहीतर पुढची पाळी टाकीची.