पॉइंट राहिला होता

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या जॉब शॉपमधली ही घटना. शॉपचं, तिथल्या माणसांचं आणि त्या सॉफ्टवेअरचं नाव देत नाही. सीएनसीवर काम करणाऱ्या प्रत्येकानं ती वाचावी असं मात्र मला मनापासून वाटतं, कारण इथे कुणीही कामचुकारपणा केला नव्हता.

बुधवार, सकाळी ९.४०. साडेसोळा तास आधी

नव्या व्हीएमसीवर बिडाच्या हाउसिंगचा पहिला पीस लागलेला. कास्टिंगमध्ये ८० मिमीचं कोअर होल, ते एंडमिल गोल फिरवून ९० करायचं. एंडमिल होलमध्ये उतरली आणि गोल न फिरताच वर आली. अलार्म नाही, काही नाही.

प्रोग्रामर मॅडमनी प्रोग्राम उघडला. पूर्ण वर्तुळ 'आर' देऊन लिहिलेलं होतं. सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू एकच आणि सोबत फक्त त्रिज्या, असं दिलं की फानुक कंट्रोल तो शून्य अंशाचा चाप समजतो आणि टूल जागचं हलत नाही. पूर्ण वर्तुळाला केंद्र लागतं, ते 'आय' आणि 'जे'नं द्यावं लागतं. आजवर या शॉपमध्ये अशी होलं बोरिंग बारनं होत, त्यामुळे ही खोट कधी उघडी पडलीच नव्हती.

खोट होती पोस्टमध्ये. कॅम सॉफ्टवेअर टूलचा मार्ग काढतं आणि पोस्टप्रोसेसर नावाची एक छोटी फाइल तो मार्ग त्या विशिष्ट मशीनला कळेल अशा जी-कोडमध्ये उतरवते. लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरचा मशीनशी जो काही संबंध येतो तो या एका फाइलमधून. इथे ती फाइल कुलूपबंद होती. मॅडमना काय बदलायचं ते नेमकं माहीत होतं, दहा मिनिटांचं काम होतं, पण फाइल उघडण्याचा अधिकार फक्त कंपनीला.

सकाळी ११.१५. पंधरा तास आधी

सॉफ्टवेअरची एएमसी भरलेली होती. पूर्वी डीलरकडचा एक इंजिनिअर फोन केला की स्कूटरवर येत असे, मशीनजवळ उभा राहून पोस्ट बदलून देत असे. तो नोकरी सोडून गेला, मग डीलरच बदलला. आता फोन नाही, टिकिट. टिकिटावर तासाभरानं उत्तर आलं, 'आपण जुनी आवृत्ती वापरत आहात, अपडेट करून पुन्हा तपासा.' वर्तुळाबद्दल अक्षर नव्हतं. मॅडमनी पुन्हा लिहिलं, स्क्रीनचा फोटो जोडला. तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर आलं, की पोस्टमधले बदल एएमसीत येत नाहीत, त्याचं कोटेशन वेगळं.

गेल्या काही वर्षांत कॅम सॉफ्टवेअरच्या धंद्यात मालक भराभर बदलले आहेत. २०१२ मध्ये एचएसएमवर्क्स ऑटोडेस्ककडे गेलं, २०१४ मध्ये बर्मिंगहॅमची डेलकॅमही. लाकूड आणि नक्षीकामवाल्यांचं आवडतं आर्टकॅम डेलकॅमचंच होतं, त्याची विक्री २०१८ मध्ये बंद झाली. २०२१ मध्ये मास्टरकॅम बनवणारी कंपनी सँडविकनं घेतली. ज्यांचे इन्सर्ट आपण वापरतो आणि ज्यांचं नाव पुण्यात दापोडीच्या कारखान्यामुळे माहीत आहे, तेच सँडविक. एखादा सौदा चांगला की वाईट हे मी ठरवत नाही. पण सौदे कागदावर होतात आणि ज्याला तुमचं मशीन ठाऊक आहे तो माणूस कागदावर नसतो. छोट्या शॉपचं नुकसान नेमकं तिथे होतं.

दुपारी १.३०. पावणेतेरा तास आधी

मालकांच्या टेबलावर पर्यायी सॉफ्टवेअरची कोटेशन्स कधीपासून पडून होती. डबा खाता खाता त्यांनी ती पुन्हा चाळली. डेमो सगळ्यांनी दिले होते. प्रत्येक डेमोत पाच अक्षांवर इम्पेलर फिरला होता. या शॉपमध्ये पाच अक्षांचं मशीन नाही. यांच्या मशीनसाठी पोस्ट कोण लिहिणार, ती फाइल कुणाच्या ताब्यात राहणार, हे ना कुणी सांगितलं ना यांनी विचारलं.

फुकटच्या वाटेचाही विषय निघाला. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्यात कॅमचा विभाग आहे आणि त्याचे पोस्ट पायथनमध्ये उघडे लिहिलेले आहेत. साध्या कामांना ते चालेल, हाउसिंगसारख्या कामाला किती पुरेल ते बसून तपासावं लागेल. फुकट म्हणून दिलेलं कायम तसंच राहील, हेही धरून चालता येत नाही. ऑटोडेस्कच्या फ्यूजनच्या हौशी वापराच्या लायसन्समधून १ ऑक्टोबर २०२०पासून रॅपिड हालचाल आणि आपोआप टूल बदलणं काढून टाकलं गेलं. घरच्या घरी मशीन चालवणाऱ्यांची त्या दिवसापासून पंचाईत झाली.

'हा लॉट जाऊ दे, मग बघू,' असं म्हणून मालकांनी कागद बाजूला सारले. डिस्पॅच शुक्रवारी सकाळी होता. मधला गुरुवार, म्हणजे भोसरीची साप्ताहिक सुट्टी. रात्रपाळीत पीस काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दुपारी ४.२०. दहा तासांना दहा मिनिटं कमी

मालकांनी वरपर्यंत फोन केल्यावर सपोर्टचा इंजिनिअर रिमोटनं जोडला गेला. आवाजावरून तरुण वाटत होता, बोलायला नम्र. त्यानं जुनी फाइल काढून त्यांच्या संग्रहातली फानुकची सर्वसाधारण पोस्ट टाकली. मॅडमनी पुन्हा कोड काढला. वर्तुळ 'आय', 'जे'सह आलं. 'चेक करा मॅडम, ओके आहे का?' ओके होतं. टिकिट बंद झालं.

त्या पोस्टमध्ये आणखी एक गोष्ट बदलली होती आणि ती कुणी सांगितली नाही, कारण पाठवणाऱ्यालाही ती ठाऊक नसावी. टूल बदलल्यावर टूलच्या लांबीचा ऑफसेट घेत खाली येण्याचा जो ब्लॉक असतो, त्यात जुनी पोस्ट 'झेड १००' या आकड्यापुढे पॉइंट देत असे. नवी पोस्ट देत नव्हती. बाकी सगळ्या ओळींत पॉइंट जागच्या जागी.

पॉइंट नसला तर काय होतं? पंच टेपच्या काळात आकडे पॉइंटशिवाय लिहीत आणि शेवटचा अंक सर्वांत लहान एककाचा धरत. फानुकमध्ये ती पद्धत अजून जिवंत आहे. 'झेड १००.' म्हणजे १०० मिमी, पण नुसतं 'झेड १००' म्हणजे १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिमी. ३४०१ क्रमांकाच्या पॅरामीटरमधला एक बिट बदलला तर पॉइंट नसलेला आकडाही मिलिमीटरमध्ये वाचला जातो. काही शॉपमध्ये तो बदललेला असतो. ही पोस्ट तशाच एखाद्या मशीनवरून आलेली असणार. इथल्या मशीनवर तो बिट शून्य होता.

सॉफ्टवेअरमधलं सिम्युलेशन मॅडमनी पूर्ण चालवून पाहिलं. टूल प्रत्येक वेळी १०० मिमीवर थांबत होतं. थांबणारच, कारण ते सिम्युलेशन सॉफ्टवेअरनं काढलेल्या मार्गाचं होतं, पोस्टमधून बाहेर पडलेल्या कोडचं नव्हतं. स्क्रीनवर दिसतं तेच मशीन करणार असं आपण समजतो, आणि विकणारा आपला समज मोडत नाही. मला याचा राग येतो. ही गोष्ट डेमोच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवी.

रात्री १०.४५. साडेतीन तास आधी

सेटरदादांनी जॉब लावला. झिरो खालच्या फ्लँजवर. त्या फ्लँजपासून एक बॉस ६० मिमी वर आलेला, त्यावर १७.५चं ड्रिल, पुढे एम २०चा टॅप. नवीन प्रोग्राम म्हणून त्यांनी रीतसर झेड ऑफसेट १०० मिमी वर उचलून ड्राय रन घेतला. सगळी टूल्स हवेत फिरली, कुठे काही लागलं नाही.

एक खूण दिसली होती. बॉसवर आल्यावर ड्रिल खाली उतरलं, मग उलट वर गेलं आणि मग सायकल सुरू झाली. वरून खाली येणारं टूल सायकलआधी वर का जाईल? ऑफसेट उचललेला असल्यानं बॉस आणि ड्रिल यांच्यात चाळीस मिमीची फट राहिली आणि ती फट सगळं झाकून गेली.

रात्री १२. दोन तास दहा मिनिटं आधी

पाळी बदलली. 'ड्राय रन ओके आहे, पहिल्या पीसला उभा राहा,' एवढं सांगून दादा निघाले.

रात्री १.२५. पाऊण तास आधी

पहिलं टूल, फेसमिल. ऑपरेटरनं रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवलं, सिंगल ब्लॉक लावला, बोट फीड होल्डवर. फेसमिल जॉबच्या बाहेरून सुरू होते. ती ०.१ मिमीपर्यंत खाली आली, तिथे हवाच होती. पुढच्या ओळीनं ती पाच मिमीवर गेली आणि काम सुरू झालं.

रात्री १.५०. वीस मिनिटं आधी

एंडमिल. तीही ०.१पर्यंत आली, पण कोअर होलच्या पोकळीत. मग वर्तुळ. दिवसभर ज्यासाठी टिकिटं चालली ते वर्तुळ सुरेख कापलं गेलं. ऑपरेटरनं मॅडमना फोटो पाठवला. दोन टूल्स बिनघोर गेल्यावर त्यानं सिंगल ब्लॉक काढला आणि रॅपिड १०० टक्के केलं. त्याच्या जागी मी मी म्हणणाऱ्यांनीही तेच केलं असतं.

रात्री २.१०

ड्रिल बॉसच्या बरोबर वर आलं आणि झेड निघाला. या मशीनचं रॅपिड मिनिटाला ३६ मीटर, म्हणजे सेकंदाला ६० सेंटिमीटर. माणसानं पाहून बटण दाबेपर्यंत पाव सेकंद तरी जातो, तेवढ्यात टूल पंधरा सेंटिमीटर पुढे. कार्बाइड ड्रिल बॉसवर आदळून फुटलं, मागोमाग होल्डर बसला, फिक्स्चरवरून कास्टिंग सरकलं. स्क्रीनवर ४११चा सर्व्हो अलार्म आला. दरवाजा बंद होता म्हणून तुकडे आतच राहिले. ऑपरेटर सुखरूप होता.

त्यानंतर

सकाळी मॅन्ड्रेल लावून डायल फिरवला. ३०० मिमीवर ८० मायक्रॉनचा रनआउट. स्पिंडल गेला. सुट्टीमुळे सर्व्हिसवाला शुक्रवारीच येणार होता आणि शुक्रवारचा डिस्पॅच हुकला. सपोर्टला मेल गेला, तसं नवीन टिकिट नंबर आला. काही दिवसांनी उत्तर मिळालं, की आउटपुट तपासण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची. लायसन्सच्या करारात तसं लिहिलेलंही होतं.

स्पिंडल दुरुस्तीला गेला त्या काळात मालक आणि मॅडम पर्यायी सॉफ्टवेअर घ्यायला बसले. या वेळी डेमो त्यांनी मागवला नाही, दिला. प्रत्येक विक्रेत्यापुढे हेच हाउसिंग ठेवलं. एक पूर्ण वर्तुळ, एक पूर्णांकातली उंची, एक टॅप. कोड काढा, आमच्या मशीनवर चालवून दाखवा, पोस्ट आमच्यासमोर उघडून एक ओळ बदला. एकानं हेड ऑफिसला विचारून सांगतो म्हणून सांगितलं. एकाची पोस्ट उघडली, पण बदल कुठे करायचा ते त्याला सापडेना. तिसऱ्या कंपनीची मुलगी आली, तिनं लॅपटॉप काढायच्या आधी कंट्रोलकडे जाऊन ३४०१ पाहिला आणि विचारलं, 'जुने प्रोग्राम पॉइंटनं लिहिलेले आहेत ना?'

ऑर्डर तिच्या कंपनीला गेली. किंमत तिघांत सर्वांत कमी नव्हती. ऑर्डरमध्ये मॅडमनी स्वतःच्या हातानं अटी घातल्या: पोस्टची उघडी फाइल शॉपच्या मालकीची, तिच्यात कुणीही बदल केला तर काय बदललं ते लेखी द्यायचं, आणि सिम्युलेशन पोस्टमधून निघालेल्या जी-कोडवरच चालायला हवं, मशीनच्या पॅरामीटरसकट.