बोटांचे दप्तर

व्हेनिसचा मुद्रक ओत्ताव्यानो पेत्रुच्ची याने १५०७ साली फ्रांचेस्को स्पिनाचिनो या ल्यूटवादकाच्या रचना छापून प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्या पृष्ठांवर स्वरांची चिन्हे नव्हती. तारांच्या सहा रेषा, त्यांवर कोणत्या पडद्यावर बोट ठेवावे ते सांगणारे आकडे आणि माथ्यावर कालमानाच्या खुणा, एवढाच तो दस्तऐवज होता. टॅब्लेचर नावाची ही पद्धती प्रांतोप्रांती निराळी होती. इटलीत वरची रेषा खर्जाच्या तारेची, कारण वाद्य हाती धरले असता तीच तार वर येते. फ्रान्समध्ये आकड्यांच्या जागी अक्षरे. आणि व्हॅलेन्सियात लुईस मिलानने १५३६ च्या ‘एल माएस्त्रो’त वरची रेषा सर्वांत उंच स्वराच्या तारेला बहाल केली, तीच वहिवाट आजच्या गिटारच्या टॅबमध्ये चालू आहे.

मला या इतिहासात अधिक रस वाटतो तो रूपांतराच्या खटाटोपाचा. ज्योतिर्विद गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी, अनेक कंठांसाठी रचलेले गायन टॅब्लेचरमध्ये कसे उतरवावे या विषयावर १५६८ साली ‘फ्रोनिमो’ हा संवादरूप ग्रंथ लिहिला. आणि ग्रंथ लिहावा इतकी ती अडचण खरोखरच बिकट आहे. आजच्या गिटारवर पहिल्या खुल्या तारेचा स्वर दुसरीच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही सापडतो. पंचरेषी लेखनाला त्याची फिकीर नाही (आपल्या भातखंडे-स्वरलिपीलाही नाही), परंतु टॅब लिहिणाऱ्याला मागचेपुढचे स्वर व बोटांची पोच पाहून एकच जागा मुक्रर करावी लागते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गिटारची छपाई पंचरेषीकडे वळली आणि टॅब्लेचरचा अंमल उठला. विसाव्या शतकात हौशी वादकांनी त्याला पुन्हा बोलावले, आणि मग जागा मुक्रर करण्याचे तेच काम संगणकाकडे आले. १९९६ साली हॉलंडमध्ये आरंभलेल्या लिलिपाँड या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरला पंचरेषीतील स्वर देऊन टॅब मागितली, तर तार नेमून दिली नसता ते सामान्यतः शक्य तितका खालचा पडदा निवडते, आणि स्वतंत्र आज्ञा दिल्याखेरीज नुसते आकडे मांडून कालमान गाळते. म्हणून वर पंचरेषी जोडूनच पान छापण्याचा रिवाज पडला आहे. खालचा पडदा हिशेबाला सोयीचा, हाताला नेहमीच नव्हे. सुदैवाने प्रत्येक स्वराची तार आपण ठरवून देण्याची मुभा त्यात आहे. ती मुभा न वापरता छापलेली टॅब मी तरी अपुरीच मानतो.