मंगळावरचे बटाटे आणि प्रवरेचा ऊस

‘द मार्शियन’ हा सिनेमा आयटीवाल्यांमध्ये फार लाडका आहे, आणि त्यात नवल नाही. मूळ कादंबरी लिहिणारा अँडी वीअर स्वतः प्रोग्रॅमर. त्याने ती आधी आपल्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने टाकली, २०११मध्ये स्वतःच पुस्तक काढलं आणि २०१५मध्ये रिडली स्कॉटने त्यावर सिनेमा केला. मंगळावर एकटा राहिलेला मार्क वॉटनी बटाटे लावतो, पाणी तयार करतो, दिवस मोजतो. खलनायक कोणी नाही. गणित चुकलं तर मरण, एवढीच गोष्ट.

पण या सिनेमाचा प्लॉट नीट उलगडून पाहिला की एक गंमत दिसते. वॉटनीवर येणारी बहुतेक संकटं मंगळ पाठवत नाही. ती आधीच्या उपायातून येतात. बटाट्यांना पाणी हवं म्हणून तो रॉकेटचं इंधन मोडून हायड्रोजन काढतो आणि जाळतो. मात्र आपल्याच उच्छ्वासातून बाहेर पडलेला ऑक्सिजन त्याने हिशेबात धरलेला नसतो, म्हणून स्फोट होतो. पुढे एअरलॉक फाटतो आणि सगळं पीक गोठून जातं. मग त्याला वेळेत अन्न पोचावं म्हणून नासा घाई करते, यानाची तपासणी गाळते आणि ते यान उडताच फुटतं. एक बग काढायचा, त्या दुरुस्तीतून दुसरा निघायचा. प्रॉडक्शनवर रात्री अडीचला काम केलेल्या कोणालाही ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

मी नगर जिल्ह्यातला. कागदोपत्री २०२४पासून तो अहिल्यानगर झाला, पण एसटीच्या कंडक्टरला तिकीट मागताना तोंडातून नगरच येतं. या जिल्ह्याचा पाण्याचा इतिहास वाचताना मला सारखा हाच प्लॉट दिसतो. फरक एवढाच की इथे एका रीलला पन्नास वर्षं लागतात.

सुरुवात फार मागून करावी लागेल. प्रवरा नदीच्या काठी, संगमनेर तालुक्यात जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं, आणि महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या एका अख्ख्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळालं. तीच प्रवरा पुढे श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादजवळून जाते. या दायमाबादला इसवी सनापूर्वी साधारण २२०० ते १००० असं हजार-बाराशे वर्षं माणूस राहत होता. १९७४मध्ये तिथे ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या, एकूण साठ किलोंहून जास्त वजनाच्या: बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. त्या कोणत्या काळातल्या यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्यातली प्राण्यांची निवड विलक्षण वाटते. हत्ती, गेंडा, रेडा. तिघंही पाण्यात डुंबणारे.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास दायमाबाद ओस पडलं. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, घोड नदीवरच्या इनामगावची वस्ती आणखी तीनेकशे वर्षं टिकली आणि तिथे शेवटाकडचा काळ कसा गेला हे मातीत वाचता येतं. आधी मोठी चौकोनी घरं होती, नदीचं पाणी वळवायला पाट आणि बांध होता. शेवटच्या टप्प्यात लहान गोल झोपड्या उरल्या. म. के. ढवळीकरांनी याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं मांडलं. नंतरच्या काही संशोधकांनी तो निष्कर्ष तपासायला घेतला, आणि वाद अजून चालू आहे. लहान मुलांच्या हाडांवर मात्र खुंटलेल्या वाढीच्या खुणा आहेत.

सिनेमाच्या भाषेत ही गोष्ट विकली जाणार नाही. यात हर्मिस यान परत फिरत नाही. काउंटडाउन नाही. माणसं तीनशे वर्षं थोडं थोडं कमी करत जातात, घर लहान, पीक कमी, जनावरांवर भर, आणि एके दिवशी निघून जातात. पण हे सुद्धा जगणंच आहे. निघून गेलेला माणूस मेलेला नसतो, तो फक्त फ्रेमच्या बाहेर जातो.

आता पुढचा भाग, जिथे वॉटनीचा प्लॉट खरा सुरू होतो. १८७६ ते ७८चा दुष्काळ, मग १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९००. दख्खनमध्ये माणसं आणि जनावरं इतकी मेली की इंग्रज सरकारला काहीतरी करणं भाग पडलं. उपाय ठरला: धरणं आणि कालवे. हेतू नफ्याचा नव्हता. दुष्काळात पीक वाचावं, एवढ्यासाठीच हे ‘संरक्षक’ सिंचन होतं. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचं काम १९१०मध्ये सुरू झालं आणि १९२६मध्ये पुरं झालं. सुमारे ८२ मीटर उंचीचं दगडी धरण. तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव दिलं म्हणून विल्सन डॅम.

आणि पहिला बग. खालची जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीवाला कालव्याचं पाणी घेतच नाही. पट्टी कशाला भरायची? म्हणजे धरण बांधलं दुष्काळासाठी, पण दुष्काळ नसेल त्या वर्षी त्याचा खर्च कोण भरणार? उत्तर होतं ऊस. ऊस बारा महिने पाणी पितो आणि बारा महिने पाणीपट्टी देतो. ज्वारीला राखण म्हणून आलेलं पाणी उसाचं झालं.

दुसरा बग यातूनच. काळ्या जमिनीत एवढं पाणी मुरलं की निचरा होईना. पाणी साचलं, खालचा क्षार वर आला, कालव्याखालच्या जमिनी चोपण होऊ लागल्या. वॉटनीच्या उच्छ्वासातला ऑक्सिजन तो हाच: कोणी वाईट हेतूने काही केलं नाही, फक्त हिशेबात एक रकाना राहिला.

उसाने बरंच दिलंही, हे लपवण्यात अर्थ नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीला उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५०मध्ये सुरू झाला आणि पुढे सगळ्या महाराष्ट्राने त्याची नक्कल केली. शाळा, दवाखाने, इंजिनिअरिंग कॉलेजं त्या साखरेवर उभी राहिली. आमच्या पिढीतल्या निम्म्या जिल्ह्याची डिग्री तिथूनच आली आहे. पण जिल्ह्याचे दोन भाग झाले. पाटाखालचा आणि पाटाबाहेरचा. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड बाहेर.

१९७२ला हा फरक उघडा पडला. बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की आजीच्या पिढीला दोन गोष्टी आठवतात: सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो, ज्याच्या भाकरीला चव म्हणून नव्हती. पण हा एकच प्रसंग असा आहे जिथे मला नासाची कंट्रोल रूम दिसते. मे १९७३मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. अपुरी मजुरी, भयंकर ऊन, तरीही १८७६सारखे मृत्यूंचे डोंगर उभे राहिले नाहीत. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना यातून कायद्यापर्यंत गेली. तो १९७७मध्ये मंजूर झाला. त्याच्या खर्चासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला. पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात ना, ‘प्रोफेशनल टॅक्स’ म्हणून? त्याचा उगम हा. कंपनीत कितीतरी जणांना मी हे सांगितलं आहे, आणि प्रत्येकाने आधी ‘काहीही काय’ असंच म्हटलं आहे.

मग पुढचा उपाय, पुढचा बग. बहात्तरनंतर बोअरचं यंत्र गावोगाव फिरलं. पाटाबाहेरच्या माणसालाही पाणी मिळालं, वीज आली, मोटार आली, आणि पाणी मिळालं की पिकं बदलली. शेजाऱ्याने दोनशे फूट घेतलं की आपण तीनशे. जमिनीखालचं पाणी सामाईक, आणि उपसणारा प्रत्येक जण एकटा वॉटनी.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने इथे प्लॉट मोडला असं मला वाटतं. त्या गावाचं कौतुक इतक्यांनी केलंय की लिहायला संकोच वाटतो. १९८९ला पोपटराव पवार सरपंच झाले, पाणलोटाची कामं झाली, झाडं लागली. ते सगळं दाखवायला सोपं. मला त्यापेक्षा २००४पासूनचा पाण्याचा ताळेबंद जास्त महत्त्वाचा वाटतो. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, माणसाजनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची हे ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही. ऊस नाही. वॉटनी बटाटे मोजतो तशी ही मोजणी आहे, पण त्याला फक्त स्वतःला कमी वाढून घ्यायचं होतं. इथे गावातल्या एकाला दुसऱ्यासमोर उभं राहून सांगावं लागतं की यंदा तू कांदा कमी कर. यात स्फोट नाही, त्यामुळे सिनेमा होणार नाही.

‘द मार्शियन’मध्ये एका माणसासाठी अख्खी पृथ्वी पडद्याकडे बघत उभी असते. न्यूयॉर्क, लंडन, बीजिंग. ते दृश्य पाहताना मला पाथर्डी आठवतं. भंडारदऱ्याचं पाणी जिथे पोचलं नाही असा तो तालुका. दिवाळी झाली की तिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, हिशेब माणसांत नाही, कोयत्यात होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, वर पोरं. काही टोळ्या लांब कोल्हापूर-सांगलीकडे जातात. काही याच जिल्ह्यात, कारखान्याच्या हद्दीत उतरतात. दुष्काळात ज्वारी वाचावी म्हणून शंभर वर्षांपूर्वी काढलेल्या पाटाच्या कडेला पाचटाची खोपटी उभी राहतात, आणि पहाटे तीनला त्याच पाटाचं पाणी चुलीवर चहाला ठेवलं जातं.