प्रवरा खोऱ्यातील पाणीवाटप

प्रवरा खोऱ्यातील पाणीवाटप : गोदावरीची उपनदी प्रवरा हिच्या पाण्याची साठवण, कालव्यांवरील वाटणी व त्यांवरील हक्क यांचा इतिहास. हे खोरे मुख्यतः अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर व नेवासे या तालुक्यांत मोडते. विस्ताराने ते लहान असले, तरी महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांच्या संदर्भात अन्यत्र सुटे सुटे उद्‌भवलेले बहुतेक प्रश्न येथे एकामागून एक पुढे आले. त्यांतील पहिला प्रश्न पाणी आणावे कसे हा होता. तो तुलनेने लवकर सुटला. आणलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न मात्र शंभर वर्षे रेंगाळला.

खोऱ्याची रचना समजण्यास कोल्हार हे गाव सोयीचे आहे. राहाता तालुक्यातील हे गाव (कोल्हार-भगवतीपूर) प्रवरेच्या डाव्या तीरावर असून भगवतीदेवीच्या मंदिरामुळे परिचित आहे. अहिल्यानगर-मनमाड हमरस्ता येथे नदी ओलांडतो; पलीकडील तीरावरचे कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात आहे. येथून निघणारा कोल्हार-घोटी रस्ता लोणी, संगमनेर, अकोले व राजूर या गावांवरून भंडारदऱ्याकडे चढत जातो. धरणाचे पाणी ज्या दिशेने खाली येते, तिच्या नेमक्या उलट दिशेचा हा मार्ग. त्यावरून जाणाऱ्यास उसाचा सपाट मुलूख, त्यानंतरचा कोरडवाहू पट्टा आणि अखेरीस भातखाचरांचा डोंगराळ आदिवासी प्रदेश क्रमाने लागतो. रतनगडाच्या परिसरात पावसाळ्यात ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर कोल्हारकडे तो ५०० ते ६०० मिमी.च्या आसपास असतो. पाऊस एकीकडे आणि सपाट, काळी, कसदार जमीन दुसरीकडे, ही या खोऱ्याची मूळ अडचण होय.

प्रवरेवर बंधारा घालून पाट काढण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच झाले होते. ओझर व लाख येथील कालवे त्या काळातील होत. परंतु नदी हिवाळ्यानंतर आटत असल्याने साठवणीवाचून या पाटांचा ऐन टंचाईत उपयोग नव्हता. १८७६–७८ चा दुष्काळ व शतकाच्या अखेरीचे दुष्काळ यांनी ही उणीव ठळक केली. १९०१–०३ च्या पाटबंधारे आयोगानंतर दख्खनमधील कोरड्या पट्ट्यासाठी सह्याद्रीच्या कुशीत मोठी धरणे बांधण्याचे धोरण पुढे आले. भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले व त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. सु. ८२ मी. उंचीच्या या दगडी धरणात ११ अब्ज घनफुटांच्या आसपास (११ टीएमसी) पाणी साठते. १९६९ मध्ये त्याला तडे जाऊन गळती सुरू झाल्याने पुढील काही वर्षांत पायथ्याकडून आधारभिंती बांधून ते मजबूत करण्यात आले.

पुढील वादांचे बीज धरणाच्या आखणीत आहे. धरणापासून थेट कालवे निघत नाहीत. सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच वाहत संगमनेरच्या पूर्वेस ओझर येथील बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. म्हणजे अकोले व संगमनेर या तालुक्यांच्या दृष्टीने आपल्या उंबऱ्यावरून जाणारे पाणी कायद्याने खालच्यांचे ठरले. ज्या अकोले तालुक्यात पाऊस पडतो व ज्याची जमीन जलाशयाखाली गेली, त्याच्या वाट्याला या योजनेतून कालवा आला नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही आखणी काटकसरीची होती. नदीचे आयते पात्र असताना डोंगराळ भागातून कालवा खोदण्याचा खर्च कोणीही सुचविला नसता.

कालव्यांखालील पहिली काही वर्षे अपेक्षेप्रमाणे गेली नाहीत. पाणी आले, पण ते घेणारा शेतकरी कर्ज, खत व बाजारपेठ यांच्या अभावी अडलेला होता. ही पोकळी प्रथम खाजगी कंपन्यांनी भरून काढली. श्रीरामपूरजवळ हरेगाव येथे बेलापूर कंपनीने शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनींवर उसाचे विस्तीर्ण मळे उभे केले व त्यांच्या जोडीला साखर कारखाना काढला. टिळकनगर येथील कारखानाही याच वळणाचा. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ पासून चालू होता. त्यावरील बेलापूर स्थानकाभोवती कालव्याचा माल येऊन पडू लागला आणि त्यातून श्रीरामपूर हे नवे शहर वाढले. कालवा व लोहमार्ग एकमेकांस छेदतात तेथे गाव वसणे स्वाभाविक असले, तरी ज्यांच्या नावे पाणी आले होते, त्यांपैकी अनेक जण आपल्याच जमिनीवर मजूर बनले, ही या समृद्धीची दुसरी बाजू होती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कारखान्यांच्या जमिनी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ खंडकरी शेतकऱ्यांना त्या परत मिळू लागण्यास मात्र २०१२ साल उजाडावे लागले.

याच काळात या खोऱ्याचा जो अभ्यास झाला, तो भारतातील जलसिंचनाच्या अर्थशास्त्रात महत्त्वाचा मानला जातो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्याची किंमत तोवर सरकारी तिजोरीच्या हिशेबाने ठरत असे. पाणीपट्टी भांडवलावरील व्याज भागवीत नसेल, तर कालवा तोट्याचा मानला जाई. गाडगीळांनी कालव्याखालील गावे व शेजारची कोरडवाहू गावे यांची तुलना करून उत्पन्न, मजुरी, व्यापार व वाहतूक यांतील वाढही हिशेबात धरली. त्यामुळे पाण्याचा फायदा केवळ पाणी घेणाऱ्यापुरता नसून सबंध प्रदेशाचा असतो, हे आकड्यांनी मांडता आले. यातून निघणारे दुसरे अनुमान अधिक अवघड होते. लाभ प्रदेशाचा असेल, तर पाण्यापासून वंचित राहिलेल्या गावांचे नुकसानही हिशेबात धरावे लागते. हे अनुमान गंभीरपणे विचारात घेण्यास मात्र आणखी अर्धशतक लोटले.

गाडगीळांचा या खोऱ्याशी संबंध अहवालापुरता राहिला नाही. कोल्हारपासून जवळच असलेल्या लोणी येथील शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. मुंबई राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ या उपक्रमास लाभले. १९५० च्या अखेरीस कारखान्याचे गाळप सुरू झाले. ऊस पिकविणारेच कारखान्याचे मालक झाल्याने कंपन्यांच्या मळ्यांचा प्रश्न या भागात मागे पडला. शाळा, रस्ते व रुग्णालये यांची उभारणीही या पैशातून झाली. परंतु कारखान्याला वर्षानुवर्षे ऊस हवा, उसाला बारमाही पाणी हवे. त्यामुळे कालव्याच्या पाण्यावरील लाभक्षेत्राचा दावा सहकारामुळे सौम्य न होता अधिक संघटित झाला.

विजेच्या प्रसारानंतर वादाचे स्वरूप बदलले. नदीकाठी पंप बसले व उपसा सिंचन योजनांतून अकोले-संगमनेरकडील शेतकरी आवर्तनाचे पाणी वाटेतच उचलू लागले. खालच्यांच्या लेखी ही चोरी होती, वरच्यांच्या लेखी हक्क. दीर्घ आंदोलनांनंतर शासनाने भंडारदऱ्याच्या पाण्यात वरच्या तालुक्यांचा वाटा मान्य केला. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉट व खाली कोदणी येथे ३४ मेगावॉट क्षमतेची जलविद्युत्‌गृहे उभारण्यात आली. ती पाणी खर्च करीत नाहीत. तथापि वीज केव्हा निर्माण व्हावी हे येथे विजेच्या मागणीपेक्षा शेतीच्या आवर्तनांवर अधिक अवलंबून असते.

कोरडवाहू पट्ट्यासाठी निळवंडे धरणाची कल्पना १९७० मध्ये पुढे आली. ८.३२ अब्ज घनफूट क्षमतेच्या या धरणाला जागेतील बदल, विस्थापितांचे पुनर्वसन व निधीची टंचाई यांमुळे विलंब झाला. धरण उभे राहूनही कालवे रखडल्याने साठलेले पाणी जुन्याच लाभक्षेत्राकडे जात राहिले, हा यातील सर्वांत खटकणारा भाग होय. ८५ किमी. लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. तोवर प्रकल्पाची किंमत सु. ५,१७७ कोटी रुपयांवर गेली होती.

दरम्यान वाद जिल्ह्याबाहेर पोहोचला होता. प्रवरा जिला मिळते, त्या गोदावरीवर पैठण येथे बांधलेले जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरे झाले. पण वरच्या बाजूला धरणे वाढत गेल्याने ते वारंवार अपुरे भरू लागले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ याच्या कलम १२ (६) (ग) मध्ये टंचाईचा भार खोऱ्यातील सर्वांनी समन्यायाने सोसावा, असे तत्त्व आले. हि. ता. मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने २०१३ मध्ये त्यासाठी धरणांच्या साठ्यांची कोष्टके तयार केली. त्यांच्या आधारे प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये निर्णय दिला, की १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

यामुळे कोल्हार परिसराची भूमिका चमत्कारिक झाली. जो शेतकरी अकोल्याच्या संदर्भात ‘खालचा’ म्हणून जुन्या हक्काचा दाखला देत असे, तोच पैठणच्या संदर्भात ‘वरचा’ ठरला व अकोलेकरांचे युक्तिवाद त्याच्या तोंडी आले. ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार जायकवाडीसाठी सोडावयाच्या ८.६०३ अब्ज घनफूट पाण्यापैकी ३.३६ अब्ज घनफूट प्रवरा समूहातील धरणांतून व २.१० अब्ज घनफूट मुळा धरणातून द्यावयाचे होते. असे पाणी सोडताना पात्रातील बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात व काठावरील पंपांचा वीजपुरवठा खंडित करावा लागतो. तरीही कोरड्या वाळूत बरेच पाणी मुरते. धरणातून निघालेले व पैठणला पोहोचलेले पाणी यांतील ही तूट कोणाच्या वाट्यातून वजा करावी, यावर दोन्ही बाजूंचे अभियंते दर वेळी निरनिराळी गणिते मांडतात.