नांगराच्या विक्रीतून वसतिगृहाकडे

जुन्नर तालुक्यातील आळे या गावी रेड्याची समाधी असून, पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा भावंडांच्या परतीच्या प्रवासात येथे शांत झाला, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. या कथेच्या गाभ्याशी ज्ञानाच्या अधिकाराचा प्रश्न आहे, आणि तो विसाव्या शतकापर्यंत ग्रामीण महाराष्ट्रात धगधगत राहिला. आळ्याच्या दक्षिणेस, आंबेगाव तालुक्यातील मंचर येथे, रयत शिक्षण संस्थेचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आहे. या प्रश्नाला संस्थेच्या रूपाने उत्तर देणारे तिचे संस्थापक भाऊराव पायगोंडा पाटील हे शिक्षणाकडे आले ते मात्र कारखानदारीच्या वाटेने.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही. साताऱ्यात त्यांनी खासगी शिकवण्या घेतल्या व त्यांना ‘पाटील मास्तर’ असे संबोधले जाऊ लागले. परंतु ती मुख्यतः उपजीविका होती. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि ओगले काच कारखान्याचा माल यांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत त्या काळी होता, त्यामुळे नांगर विकायचा तर आधी तो शेतात चालवून दाखवावा लागे, शंका ऐकून घ्याव्या लागत आणि विश्वास कमवावा लागे. विक्रेत्याचे हे काम शिक्षकाच्या कामापासून फारसे दूर नव्हते. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे: लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेतील अध्यापन सोडून कारखानदारीत आले होते, तर त्यांचा माल विकणारा हा माणूस नेमक्या उलट दिशेने गेला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. ‘रयत’ म्हणजे कसणारी, राबणारी सामान्य प्रजा. संस्थेच्या नावातच तिचा पक्ष स्पष्ट होता. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा आणि शाहू महाराजांच्या कोल्हापुरातील वसतिगृहांचा वारसा भाऊरावांना लाभला होता, हे खरेच. तथापि खेड्यांतील घरांची आर्थिक स्थिती त्यांना फिरस्तीमुळे प्रत्यक्ष ठाऊक झाली होती, आणि त्यांच्या पद्धतीचे वेगळेपण या ओळखीतून आले, असे मानणे अधिक योग्य ठरते. रोख पैसा नसलेल्या घरातून मूठभर धान्य मिळू शकते, या जाणिवेवर ‘मुष्टिफंड’ उभा राहिला. त्यात घरातील स्त्रिया दळणकांडणाच्या वेळी एक मूठ धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढून ठेवत. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत विद्यार्थी शेतात आणि बांधकामावर श्रम करून स्वतःचा खर्च भागवत, त्यामुळे शिक्षण घेणारा मुलगा कोणाच्या दयेवर राहत नसे.

१९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. हा संसार चालवताना लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, खर्ची घातले. संस्थेच्या इतिहासात त्यांचा उल्लेख केवळ संस्थापकांच्या पत्नी म्हणून होणे अन्यायाचे आहे.

खेड्यात राहायला तयार असलेला शिक्षक शहरातून येणार नाही, तो खेड्यातूनच घडवावा लागेल, हे ओळखून १९३५ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी साताऱ्यात अध्यापन विद्यालय काढण्यात आले. भाऊरावांच्या सर्व कार्यात हा निर्णय सर्वांत दूरदृष्टीचा मानावा लागतो, कारण त्यामुळे शाळांची वाढ एका व्यक्तीच्या फिरण्यावर अवलंबून राहिली नाही. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, आणि ९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले त्या वर्षी पुणे विद्यापीठाने, मॅट्रिकही न झालेल्या या शिक्षकाला, डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली.