फॅरडेची खोली आणि होनोलुलूचे दिवे

हवाई बेटांवरील होनोलुलू शहरात ८ जुलै १९६२ रोजी रात्री अकराच्या सुमारास रस्त्यावरचे सुमारे ३०० दिवे एकाएकी विझले. वादळ नव्हते, वीजही कडाडली नव्हती. सुमारे १,४५० किलोमीटर दूर, जॉन्स्टन बेटाच्या परिसरात, अमेरिकेने ४०० किलोमीटर उंचीवर अण्वस्त्राची चाचणी घेतली होती. तिचे नाव होते 'स्टारफिश प्राइम'.

इतक्या लांबून दिवे कसे विझले? स्फोटातले गॅमा किरण वातावरणाच्या वरच्या थरातील अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ते वळतात आणि वळताना विद्युतचुंबकीय लहरी बाहेर टाकतात. काही अब्जांश सेकंदांत वाढणारा हा जोरकस झटका म्हणजेच विद्युतचुंबकीय स्पंद. लांब तारा तो गोळा करतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने कझाकस्तानवर केलेल्या चाचणीत ५७० किलोमीटर लांबीच्या टेलिफोन लाइनचे फ्यूज उडाले.

मग कपाटात ठेवलेल्या, कशालाही न जोडलेल्या उपकरणाचे काय? लांब तार नसल्याने त्याला धोका कमी, पण शून्य नाही. त्याच्या आतल्या लहान ताराही ॲन्टेनाचे काम करतात आणि अर्धवाहकांचे नाजूक भाग थोड्याशा जादा दाबानेही निकामी होतात.

यावरचा उपाय मात्र अणुबॉम्बपेक्षा शंभरहून अधिक वर्षे जुना आहे. १८३६ साली मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १२ फूट बाजूची चौकोनी खोली उभारली. लाकडी सांगाड्यावर तांब्याच्या तारा आणि धातूचा वर्ख लावला, ती जमिनीपासून विलग केली आणि यंत्राने तिच्यावर विद्युतभार चढवला. बाहेरून ठिणग्या उडत होत्या. आत बसलेल्या फॅरडेंच्या विद्युतदर्शीला मात्र काहीच जाणवले नाही. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन अशा रीतीने सरकतात, की आतले विद्युतक्षेत्र नाहीसे होते.

फॅरडेंचा भार स्थिर होता. स्पंद क्षणोक्षणी बदलतो. त्यामुळे डब्याच्या पृष्ठभागावरून प्रवाह धावतो. झाकणाच्या कडेला रंग किंवा गंज असेल, तर तो तिथे अडतो आणि फटीतून क्षेत्र आत शिरते. म्हणून पत्र्याच्या जाडीपेक्षा झाकणाची कड सगळीकडे धातूला धातू टेकलेली असणे महत्त्वाचे. आत पुठ्ठ्याचे अस्तर द्यावे, म्हणजे उपकरण पत्र्याला टेकत नाही.

वर्गात आपण हे करून पाहू शकतो. चालू ट्रान्झिस्टर रेडिओ घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. आवाज गप्प होतो किंवा नुसती खरखर उरते. आता ॲन्टेनाला प्लास्टिकचे आवरण असलेली तार जोडून तिचे टोक झाकणाखालून बाहेर काढा. कार्यक्रम पुन्हा ऐकू येऊ लागेल. रेडिओ गप्प झाला म्हणून तो डबा स्पंदाला पुरेल असे मात्र सिद्ध होत नाही. स्पंद कितीतरी जोरदार असतो. पण एक तार सारे संरक्षण कसे फुकट घालवते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या कानांनी कळेल.